२०१८ची कॉन्झर्व्हेटिव्ह पुस्तकं : आधी कोणतं वाचावं?

अक्षरवाट

शातोब्रियाँ या फ्रेंच लेखकाने १८१८ साली 'ल कॉन्सेर्व्हातर' नावाचं नियतकालिक काढलं आणि 'जपणारा' एवढाच अर्थ असलेला 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हा शब्द राजकारणात रुळायला लागला. त्याला दोनशे वर्षं झाली ते साल २०१८. योगायोग असेल, पण या विचारावरची इतकी कसदार पुस्तकं एका वर्षात आलेली मी तरी दुसऱ्या कुठल्या वर्षी पाहिली नाहीत. तेव्हा वाचली होती, आता पुन्हा एकदा सलग वाचून काढली. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

आधी माझी बाजू सांगतो. माझं राजकीय वाचन पहिल्यापासून डावीकडचं. उजवीकडचा विचार मला माहीत होता तो त्याच्या विरोधकांनी करून ठेवलेल्या सारांशातून. पैसेवाल्यांची वकिली, बदलाची भीती आणि धर्माचा धाक, एवढंच त्यात असतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. या पुस्तकांनी माझं मत पालटलं नाही, पण तो सारांश मात्र पार मोडीत काढला. काहीतरी जपायचं आहे यावर या सगळ्यांचं एकमत आहे. नेमकं काय जपायचं, यावर त्यांची आपसांत इतकी कडाक्याची भांडणं आहेत की बाहेरच्या टीकाकारांची गरजच पडत नाही. ती भांडणं समजून घ्यायची असतील तर ही पाच पुस्तकं एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचायला हवीत.

रॉजर स्क्रूटन यांचं 'कॉन्झर्व्हेटिझम : ॲन इन्व्हिटेशन टू द ग्रेट ट्रॅडिशन'. ब्रिटनमध्ये ते २०१७ला आलं, अमेरिकेत २०१८ला. जेमतेम दोन संध्याकाळींचं वाचन, पण ह्यूम, बर्क, हेगेल, द मेस्त्र, टोकव्हिलपासून एलियट आणि हायेकपर्यंत सगळे भेटतात. स्क्रूटन म्हणतात की या विचाराचा प्रतिस्पर्धी काळाप्रमाणे बदलत गेला. आधी लोकांच्या सार्वभौमत्वाचा क्रांतिकारी आग्रह, मग भौतिक प्रगतीचा हव्यास, मग समाजवाद. दर वेळी समोरचा बदलला की याची भाषाही बदलली. हे लक्षात आलं की पुढचा गोंधळ निम्मा कमी होतो.

पॅट्रिक डेनीन यांचं 'व्हाय लिबरलिझम फेल्ड'. माझ्या मते वर्षातलं सगळ्यांत अस्वस्थ करणारं पुस्तक. प्रस्तावनेतच ते सांगतात की लेखन २०१६च्या अमेरिकी निवडणुकीच्या तीन आठवडे आधी पूर्ण झालं होतं. म्हणजे कुणा एका नेत्याच्या विजयावरची ही घाईची प्रतिक्रिया नव्हे. त्यांचा दावा असा, की उदारमतवाद फसला कारण तो यशस्वी झाला. माणसाला घर, गाव, धर्म, शेजार या सगळ्या बांधिलक्यांतून सोडवायचं हे त्याचं ध्येय होतं, ते त्याने गाठलं, आणि मोकळा झालेला एकटा माणूस सांभाळायला राज्यसंस्था अवाढव्य होत गेली. एक पक्ष बाजाराच्या नावाने माणसाला सुटं करतो, दुसरा निवडीच्या नावाने. दोघे भांडताना दिसतात, पण गाडी एकाच दिशेने ओढतात.

जोना गोल्डबर्ग यांचं 'सुइसाइड ऑफ द वेस्ट' नेमकं उलट टोक धरतं. (याच नावाचं जेम्स बर्नम यांचं पुस्तक १९६४ला आलं होतं, गल्लत करू नका.) त्यांच्या मते माणूस स्वभावाने टोळीवाला. कायद्याचं राज्य, व्यक्तीचे हक्क, मुक्त बाजार या गोष्टी निसर्गाविरुद्ध, गेल्या तीनेकशे वर्षांत जवळजवळ अपघाताने हाती लागल्या. ते त्याला सरळ 'चमत्कार' म्हणतात. डेनीन ज्याला रोग म्हणतात, तोच गोल्डबर्ग यांच्या लेखी जपून ठेवायचा ठेवा.

योराम हाझोनी यांचं 'द व्हर्च्यू ऑफ नॅशनलिझम' राष्ट्राची बाजू घेतं आणि ओरेन कॅस यांचं 'द वन्स अँड फ्यूचर वर्कर' कामाची. या दोन्हींवर इथे माझ्यापेक्षा जाणती मंडळी बोलतील, म्हणून थांबतो. नव्या वाचकाने सुरुवात स्क्रूटनपासून करावी असं माझं मत. तुमचं काय?

पानगळ

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे.

शब्दाबद्दल थोडं बोलते. मराठीत आपण 'पुराणमतवादी' म्हणतो तेव्हा निकाल आधीच लावून टाकलेला असतो. 'सनातनी' म्हटलं की धर्म आला, 'रूढिवादी'मध्ये आंधळेपणा आला, 'उजवे' म्हटलं तर नुसती दिशा कळते. 'परंपरावादी' त्यातल्या त्यात बरा, पण तोही पुरा पडत नाही, कारण या विचाराचा मूळपुरुष मानला जाणारा अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क काही जुनं ते सोनं म्हणणारा माणूस नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीवरचं त्याचं १७९०चं पुस्तक तिच्या विरोधात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पुस्तकात त्याने लिहिलंय की ज्या राज्याकडे बदलण्याचं साधन नाही, त्याच्याकडे टिकण्याचंही साधन नाही. हे एक वाक्य मनात ठेवून ही पुस्तकं वाचली तर 'बदलाचे विरोधक' हा शिक्का गळून पडतो.

माझ्या मनात 'जतन' हा शब्द येतो. जतन करणारा माणूस वस्तू कपाटात कुलूपबंद करून ठेवत नाही, तो ती पुसतो, डागडुजी करतो, वापरात ठेवतो. 'जतनवाद' रुळायचा नाही हे मला कळतं, पण वाचताना मी मनातल्या मनात तोच घालते.

आणि हो, अक्षरवाट यांच्या क्रमाशी मी सहमत आहे. स्क्रूटन आधी.

मध्यरेषा

मी असहमत आहे आणि जरा सविस्तर लिहिणार आहे.

डेनीन यांचं पुस्तक मी दोनदा वाचलं. निदान बरोबर असेलही. तंत्रज्ञानावरच्या प्रकरणात आमिश लोकांचं (आधुनिक यंत्रांपासून दूर राहणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ) उदाहरण येतं, ते मला अजून आठवतं. त्यांच्यातले काही गट आपल्या लोकांना विमा घेऊ देत नाहीत, कारण घर जळालं तर ते उभं करणं हे शेजाऱ्यांचं काम. विमा आला की शेजाऱ्याची गरज संपली, आणि गरज संपली की शेजारही हळूहळू संपतो. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ नुसती बसले होते. वर्षाकाठी हप्ता भरून आपण नेमकं काय काय विकत घेतो आणि त्याबदल्यात काय देऊन टाकतो, हा विचार मी आधी कधी केलाच नव्हता.

पण त्या शेजारात कुणाचा आवाज चालत होता? कुणाला गप्प बसवलं जात होतं? ज्या बांधिलक्या तुटल्याचं डेनीन यांना दुःख आहे, त्यांतल्या कित्येक बायकांना आणि खालच्या पायरीवर बसवलेल्यांना गळफासासारख्या होत्या. उदारमतवादाने माणसाला एकटं पाडलं म्हणताना, त्याने कित्येकांना पहिल्यांदा माणूस म्हणून मोजलं हेही त्याच दमात सांगायला हवं. उदारमतवादाने काही कमावलंय हे डेनीन शेवटच्या प्रकरणात मान्य करतात, पण ते इतकं ओझरतं की ज्यांच्या आयुष्यात ती कमाई म्हणजेच सगळं आहे, त्यांना ते पुरणार नाही. उपाय म्हणून काय, तर छोट्या समूहांनी घर, शेती, श्रम, सण यांतून नव्या सवयी घडवाव्यात. एवढ्या मोठ्या आरोपपत्रानंतर एवढंसंच?

बराक ओबामांनी २०१८च्या उन्हाळ्यात हे पुस्तक सुचवलं होतं आणि बहुतेक निष्कर्ष पटत नाहीत असंही त्यासोबत लिहिलं होतं. माझीही तीच जागा आहे. वाचाच, पण पेन्सिल हातात ठेवून.

अक्षरवाट

मध्यरेषा, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एकच जोडतो. डेनीन यांचा मूळ धागा 'स्वातंत्र्य' या शब्दाचा आहे. जुन्या ग्रीक आणि ख्रिस्ती परंपरेत स्वतंत्र कोण, तर ज्याला स्वतःच्या वासनांवर राज्य करता येतं तो. हॉब्ज आणि लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञांनंतर स्वतंत्र कोण, तर ज्याच्या वाटेत कुणी आडवं येत नाही तो. पहिलं स्वातंत्र्य शिकवावं लागतं, त्यासाठी घर लागतं, शाळा लागते, कुणीतरी कान धरणारं लागतं. दुसऱ्याला नुसता कायदा पुरतो. हा फरक दाखवून दिल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढचे निष्कर्ष पटोत न पटोत.

खणातली कार्डं

मी ग्रंथालयात तीस वर्षं काम केलं. यादीत नसलेलं एक पुस्तक आणि एक अनुभव सांगतो, विषयाला धरून आहे.

आमच्याकडे लाकडी खणांची कार्डसूची होती. संगणक आला तेव्हा एका नव्या अधिकाऱ्याने सगळी कार्डं नोंदवून घेतली आणि खण मोडीत काढले. नोंदणीत एक चूक नव्हती. लेखक, शीर्षक, वर्ष, क्रमांक, सगळं तंतोतंत. फक्त कार्डांची मागची बाजू कुणी पाहिली नाही. मागे तीन पिढ्यांच्या ग्रंथपालांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'पान ४० गहाळ, दुसरी प्रत पाहावी.' 'हा लेखक आणि खालच्या खणातला याच नावाचा लेखक वेगळे.' 'नकाशा सुटा आहे, मोठ्या कपाटात.' एका कार्डाच्या मागे नुसतं 'विद्यार्थ्याला हे आधी द्यावं' असं होतं. ते अक्षर माझ्या आधीच्यांच्याही आधीच्यांचं. नियमावलीत असं काही लिहा म्हणून सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते आहे हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढची काही वर्षं रोज कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, पुस्तक यादीत आहे पण त्यातला नकाशा कुठे?

मायकेल ओकशॉट हा इंग्रज तत्त्वज्ञ वाचला तेव्हा मला हे कार्ड आठवलं. 'रॅशनॅलिझम इन पॉलिटिक्स' हा त्याचा निबंधसंग्रह १९६२चा. तो ज्ञानाचे दोन प्रकार सांगतो. एक नियमांत लिहिता येतं, दुसरं हातात आणि सवयीत असतं, ते सोबत काम करूनच मिळतं. १९५१ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने पाककृतींच्या पुस्तकाचा दाखला दिला होता. स्वयंपाक पुस्तकातून जन्मत नाही, स्वयंपाक आधीपासून चालू असतो म्हणून पुस्तक लिहिता येतं. राज्यघटना, हक्कांच्या सनदा यांनाही तो हेच लावतो.

म्हणून माझी शिफारस अशी, की २०१८च्या पुस्तकांकडे जाण्याआधी ओकशॉटचे दोन निबंध वाचा, शीर्षकनिबंध आणि 'ऑन बीइंग कॉन्झर्व्हेटिव्ह' हा १९५६चा. दुसरा तर कुठल्याही वयात, कुठल्याही मताच्या माणसाने वाचावा. मित्र, हत्यारं, ओळखीची कामं याबद्दल माणूस मुळातच कसा 'जपणारा' असतो, यावर इतकं शांतपणे कुणी लिहिलेलं नाही.

पानगळ

कार्डाच्या मागची बाजू! काका, हे वाचून गलबलून आलं. इंग्रज लेखक चेस्टरटनचं कुंपण आठवलं. १९२९च्या 'द थिंग'मध्ये तो म्हणतो की रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि ते कशासाठी आहे हे कळलं नाही, तर ते काढायची परवानगी तुम्हाला नाही. जा, विचार करा, कारण कळलं की परत या, मग कदाचित काढू देईन.

शून्यवेळ

जॉर्डन पीटरसनचं '१२ रूल्स फॉर लाइफ' पण २०१८चंच. ते यादीत का नाही?

अक्षरवाट

कारण ते माणसाने स्वतःचं आयुष्य कसं सावरावं यावर आहे, राज्य कसं असावं यावर नाही. वाईट म्हणत नाही, विषय वेगळा आहे.

तिसरा प्रहर

हाझोनींवर लिहितो, कारण या पुस्तकावर लोक न वाचताच तुटून पडतात.

त्यांची मांडणी तिपेडी आहे. एका टोकाला टोळ्या आणि कुळं यांचं अराजक, दुसऱ्या टोकाला साम्राज्य, म्हणजे सगळ्या मानवजातीला एका कायद्याखाली आणू पाहणारी सत्ता, आणि मधे स्वतंत्र राष्ट्रांची व्यवस्था. कुटुंबं मिळून कूळ, कुळं मिळून टोळी, टोळ्या मिळून राष्ट्र. प्रत्येक पायरीवर जोडणारा दुवा एकच, परस्परनिष्ठा. माणसं करार करून एकत्र आली हे लॉकचं म्हणणं त्यांना पोकळ वाटतं, कारण आईवडिलांशी कुणी करार केलेला नसतो. याचं मूळ ते हिब्रू बायबलमध्ये शोधतात. तिथल्या राज्याला सीमा आहेत आणि शेजाऱ्यांच्या भूमीवर डोळा ठेवायचा नाही अशी आज्ञाही आहे. मला हा भाग सगळ्यांत नवा वाटला. राष्ट्रवाद म्हणजे फक्त स्वतःचा अभिमान असं आपण समजतो. हाझोनी सांगतात की दुसऱ्याचंही राष्ट्र तितकंच खरं मानणं हा त्याचा अर्धा भाग आहे.

माझ्या मते या वर्षातलं सगळ्यांत धाडसी पुस्तक हेच. २०१९ला त्याला 'कॉन्झर्व्हेटिव्ह बुक ऑफ द इयर' हा पुरस्कारही मिळाला.

मध्यरेषा

तिसरा प्रहर, मांडणी तुम्ही नीट सांगितलीत, पण दोन भोकं तशीच राहिली. नाझी जर्मनी हे राष्ट्रवादाचं नव्हे तर साम्राज्यवादाचं फळ, असं ते म्हणतात. जग जिंकायची भूक ही साम्राज्याची, हे कबूल. पण घरातल्याच नागरिकांना 'तुम्ही या राष्ट्राचे नाहीत' म्हणून वेगळं काढलं गेलं ते युद्धाच्या कितीतरी आधी, आणि ती भाषा राष्ट्राचीच होती. दुसरं, स्थिर राष्ट्रासाठी मध्यभागी एक ठळक बहुसंख्य गट लागतो असं ते मानतात. मग ज्या देशांत भाषा आणि धर्म डझनांनी आहेत, त्यांनी काय करायचं? त्या बहुसंख्येच्या बाहेर राहिलेल्याची 'परस्परनिष्ठा' कुणाशी?

तिसरा प्रहर

पहिल्या मुद्द्यावर माघार घेतो. तो भाग मलाही वाचताना खटकला होता, फक्त बाकी पुस्तक आवडल्यामुळे मी पुढे सरकलो. दुसऱ्यावर नाही. एकत्र राहून एकमेकांसाठी खस्ता खाल्ल्या की वेगवेगळी कुळंही एक राष्ट्र होतात, हे त्यांच्याच मांडणीत बसतं. निष्ठा रक्तातून येते असं ते म्हणतच नाहीत, दत्तक घेतलेलं मूल घरचंच असतं तसं ते बघतात. मात्र हे अवघड प्रकरण त्यांनी पुरेशा तपशिलात सोडवलेलं नाही, हे खरं.

चाकोरी

ओरेन कॅस यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही.

वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होतो. हिशोब व्यवस्थित मिळाला, घरात खायची भ्रांत कधी पडली नाही. पण ते पुढची दोन वर्षं पहाटे पाचलाच उठायचे, दाढी करायचे, बूट पुसायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. आई म्हणायची, झोपा की जरा. ते म्हणायचे, सवय आहे. बुटांना इतकं पॉलिश झालं होतं की चामडं मऊ पडलं. हे दुःख कशाचं होतं ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं, कारण पैशाच्या भाषेत बघितलं तर आमचं काही बिघडलेलंच नव्हतं.

कॅस २०१२ला रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉमनी यांच्या प्रचारात देशांतर्गत धोरणाचं काम बघत होते, म्हणजे माणूस चांगला उजवीकडचा. पण ते स्वतःच्याच बाजूला धारेवर धरतात. ते म्हणतात, दोन्ही पक्षांनी माणसाला फक्त ग्राहक मानलं. उत्पन्नाची भाकरी मोठी करा, तुकडा कमी पडलेल्याला सरकार थोडं वाढेल, वस्तू स्वस्त झाल्या की लोक सुखी. माणूस काहीतरी घडवतो, कमावतो, घराला लागतो, म्हणून उभा असतो, हे हिशोबात कुठेच नव्हतं. त्यांचं मूळ विधान असं, की ज्या श्रमबाजारात साधा कामगार स्वतःच्या कमाईवर कुटुंब आणि वस्ती उभी ठेवू शकतो, तोच श्रमबाजार देशाची खरी भरभराट ठरवतो.

हे सगळं वाचताना मला ते बूट दिसत होते.

पुस्तकात नुसती हळहळ नाही, उपाय आहेत आणि ते तपासून बघता येतील असे आहेत. सरसकट सगळ्यांना कॉलेजकडे ढकलण्याऐवजी कामाचं शिक्षण द्यावं. सगळ्यांना घरबसल्या ठरावीक रक्कम देण्याच्या कल्पनेला त्यांचा विरोध आहे. त्याऐवजी ते वेतनाला जोड द्यायला सांगतात. समजा तासाला १५ डॉलर हे लक्ष्य ठरवलं आणि बाजारात एखाद्याला ९ मिळतायत, तर फरकाचा निम्मा, म्हणजे ३ डॉलर सरकार थेट पगारातच घालेल. हातात १२ पडतील आणि ते कामाचे म्हणून पडतील.

उंबरठा

चाकोरी, तुमच्या वडिलांबद्दल वाचून काही सुचेना.

एक शंका. सरकार फरक भरणार म्हटल्यावर मालक पगार कमीच ठेवणार नाही का? आणि घर सांभाळणारीचं काम? तिला पगारच नाही, मग जोड कशाला देणार?

चाकोरी

पहिल्याबद्दल : काही भाग मालकाच्या खिशात जाईलच. कॅस यांचं म्हणणं असं की त्यामुळे कमी कौशल्याच्या माणसाला कामावर घेणं मालकाला परवडतं, आणि त्यांना तेच हवं आहे. फरकाचा निम्माच भरायचा, म्हणजे पगारवाढ मागण्यात कामगाराचा फायदा शिल्लक राहतो. दुसऱ्याबद्दल : घर चालवणं हेही ते 'घडवणं'च मानतात, आणि एका कमाईत घर चालावं ही त्यांची अपेक्षा आहे. पण तिच्या कामाची किंमत कशी धरायची हे पुस्तक वाचून मला उमगलं नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे.

शून्यवेळ

मला एक कळत नाही. हे सरकारने पगारात पैसे घालायला सांगतायत, गोल्डबर्ग मुक्त बाजाराला चमत्कार म्हणतायत, डेनीन बाजारालाच दोषी धरतायत. मग हे सगळे एका नावाखाली कसे? आणि मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ हायेक कुठे बसतो?

अक्षरवाट

अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारलात. हायेकने स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय. 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी' या १९६०च्या पुस्तकाला त्याने एक पुरवणी जोडली, तिचं शीर्षकच 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही'. त्याची तक्रार अशी की या लोकांना वारा अडवता येतो, पण कुठे जायचं ते सांगता येत नाही. विसाव्या शतकात समाजवादाच्या भीतीने बाजारवाले आणि परंपरावाले एका छपराखाली आले. ती भीती ओसरली तसं भाडेकरूंचं भांडण उघड्यावर आलं. २०१८ची पुस्तकं म्हणजे त्या भांडणाचाच ऐवज.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टनने १९५७च्या एका लेखात याचं वेगळं उत्तर दिलं होतं. त्याच्या मते या विचाराला ठरलेलं असं ध्येयचित्र नसतंच. चालत्या संस्थांच्या मुळावर कुणी घाव घालू लागलं की त्या वाचवण्यासाठी तो उभा राहतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक पिढीत त्याचं तोंड वेगळं. मला हे बरंच पटतं. संस्था बदलली की वकीलपत्र बदलतं. कॅसच्या हातात कामगाराचं घर आहे, हाझोनींच्या हातात राष्ट्र, गोल्डबर्ग यांच्या हातात लॉकचा वारसा.

गोल्डबर्ग यांच्यावर अजून थोडं, कारण त्यांच्यावर अन्याय होतोय असं वाटतं. 'या पुस्तकात देव नाही' हे त्यांचं पहिलंच वाक्य. परंपरावादी माणूस असं सुरू करतो तेव्हा कान टवकारावेत. श्रद्धेचा आधार न घेता, नुसत्या युक्तिवादावर ते दाखवू पाहतात की आपल्याला मिळालेलं टिकाऊ नाही. त्यांचा सगळा भर कृतज्ञतेवर आहे. जे मिळालं त्याची जाण गेली की ते आपला हक्कच होता असं वाटू लागतं, आणि मग राखायची इच्छा संपते. मधली दोनशे पानं पसरट आहेत, संपादकाने कात्री चालवायला हवी होती. पण सुरुवात आणि शेवट जरूर वाचा.

तिसरा प्रहर

+१. आणि डेनीन संपवल्यावर लगेच गोल्डबर्ग घ्या. मध्ये दुसरं काही वाचू नका. एकाच इमारतीचा पाया आणि तडे दोन वेगळ्या माणसांनी दाखवल्यासारखं होतं.

खणातली कार्डं

यादीत परंपरावादी नसलेल्यांचंही एक पुस्तक असावं. स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि डॅनिएल झिब्लाट यांचं 'हाउ डेमॉक्रसीज डाय', तेही २०१८चंच. दोघांचाही कल उजवीकडे नाही. पण त्यांचा गाभ्याचा मुद्दा ओकशॉटला आवडला असता. लोकशाही कागदावरच्या घटनेने टिकत नाही, दोन न लिहिलेल्या सवयींनी टिकते, असं ते म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला शत्रू न मानणं ही एक, आणि कायद्याने हातात दिलेली सत्ता शेवटच्या थेंबापर्यंत न पिळणं ही दुसरी. पुन्हा कार्डाची मागची बाजूच.

झिब्लाट यांचं आदल्या वर्षीचं, २०१७चं पुस्तक आणखी जड आहे, पण वेळ असेल तर घ्या. ब्रिटन आणि जर्मनीची तुलना करून ते दाखवतात की जिथे परंपरावादी पक्ष संघटनेने भक्कम होते आणि निवडणुकीत आपण जिंकू शकतो असा त्यांना विश्वास होता, तिथे लोकशाही रुजली. जिथे ते कमकुवत होते, तिथे घाबरलेल्या वरच्या वर्गाने लोकशाहीच उलथायला मदत केली. डावीकडच्या वाचकांनी तर हे आवर्जून वाचावं.

मध्यरेषा

हे दोन्ही नोंदवून घेतले, धन्यवाद काका.

कुंपणावर मात्र मला बोलायचंच आहे, पानगळ. चेस्टरटन म्हणतो, कुंपण का घातलं ते आधी शोधून या. हा सल्ला कुंपणाच्या आतल्याला ठीक आहे. जो बाहेर उभा केला गेलाय त्याला ते का घातलंय हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याने कुणाची परवानगी मागायची, आणि ती देणारा कोण? या पाच लेखकांपैकी एकानेही या माणसाला समोर बसवून त्याच्याशी बोललेलं मला दिसलं नाही.

पानगळ

कुंपणाचं उदाहरण देताना मी आतच उभी होते, हे तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ते उदाहरण मला पहिल्यासारखं देता येणार नाही.

अक्षरवाट

मध्यरेषा, पाचांपैकी कुणी नाही, हे मान्य. पण या परंपरेच्या मुळाशी तो माणूस आहे. बर्कने आयुष्यातली कितीतरी वर्षं हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर ब्रिटिश संसदेत चाललेल्या खटल्यात घातली. १७८८ला सुरू झालेला खटला १७९५ला संपला, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. ज्या लोकांना बर्कने कधी पाहिलं नव्हतं, ज्यांना त्याच्या संसदेत एक मत नव्हतं, त्यांच्यावरच्या अन्यायाचा हिशोब तो आपल्याच देशाच्या सत्तेकडे मागत होता. नीतिनियम भूगोलाप्रमाणे बदलतात, अमुक अक्षांशाच्या पलीकडे ते लागू नाहीत, हा बचाव त्याने तिथे फेटाळून लावला. आणि हा तोच माणूस, ज्याने दोन वर्षांनी राज्यक्रांतीविरुद्ध लिहिलं. त्याला दोन्हीकडे दिसत होतं ते एकच, पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलेलं एक जग सत्तेच्या मस्तीत पायदळी तुडवलं जाणं.

यामुळे तुमच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळत नाही. कुंपणाबाहेरच्याच्या वतीने आतला कुणीतरी बोलतोय, एवढंच दिसतं. पण धाग्याच्या सुरुवातीला दिलेला क्रम आता मला बदलावासा वाटतो. आधी ओकशॉटचे दोन निबंध आणि बर्कचं १७८८चं सुरुवातीचं भाषण. मग कॅस, कारण त्यात माणूस सगळ्यांत जवळून दिसतो. मग डेनीन आणि गोल्डबर्ग जोडीने, त्यानंतर हाझोनी, आणि स्क्रूटन सगळ्यांत शेवटी. नकाशा आधी हातात घेतला की आपण गाव न बघता नकाशाच बघत बसतो.

उंबरठा

मी कॅस मागवलंय. घरकामाच्या किमतीवर त्यात काही सापडलं तर इथेच येऊन लिहीन.